उतारवयांतील स्त्री आणि हाडांतील चुना

राज्यांचा, लढायांचा आणि तहांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु माणसें काय खात होतीं, त्या खाण्यानें त्यांच्या शरीराचें काय झालें, आणि विशेषतः संसाराचा भार वाहून थकलेल्या स्त्रीच्या शरीराचें काय झालें, ह्याचा इतिहास फारसा कोणीं लिहिलेला नाहीं. वास्तविक त्यास साधनें नाहींत असें नाहीं. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे, प्रवरा नदीच्या कांठीं जोर्वें आणि दायमाबाद हीं दोन स्थळें आहेत. जोर्वें येथें १९५०-५१ सालीं डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. शां. भा. देव ह्यांनीं उत्खनन केलें. दायमाबाद येथें १९५८ पासून १९७९ पर्यंत तीन वेळां खोदकाम झालें. त्या काळच्या लोकांचें लिखाण उपलब्ध नाहीं, त्यांच्या राजांचीं नांवें नाहींत. पण घरांच्या जमिनीखालीं पुरलेल्या त्यांच्या आप्तांचीं हाडें सुमारें तीन हजार वर्षें मातींत टिकून राहिलीं. कातडें गेलें, मांस गेलें, वस्त्र गेलें, हाड राहिलें. तें राहिलें ह्याचें कारण त्यांतील खनिज द्रव्य, म्हणजे साध्या भाषेंत चुना. मेल्यानंतर इतकीं वर्षें टिकणारें हें हाड जिवंतपणीं मात्र, आणि तेंहि स्त्रीच्या पन्नाशीनंतर, अंगणांत पाय घसरण्याच्या क्षुल्लक निमित्तानें कां मोडावें, व बाहेरून चुना पुरवून तें वांचवितां येतें काय, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

हाड म्हणजे केवळ दगड असता तर प्रश्न सोपा होता. १७७० च्या सुमारास स्वीडनमधील गान व शेले ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं हाडांत स्फुरद आहे हें दाखवून दिलें. १८०८ सालीं लंडन येथें हम्फ्रे डेव्ही ह्यांनीं चुन्यांतून कॅल्शियम हा धातु वेगळा काढला, आणि त्याच वर्षीं मॅग्नेशियमहि. पुढें असें कळून आलें कीं, वयांत आलेल्या माणसाच्या शरीरांत सुमारें एक किलो कॅल्शियम असतें व त्याचे शंभरांतील नव्याण्णव भाग हाडांत आणि दांतांत असतात. मॅग्नेशियमचाहि निम्म्याहून अधिक साठा हाडांतच सांपडतो. परंतु हा साठा स्थिर नसतो. शेतकरी सुगीचें धान्य पेवांत भरतो आणि टंचाईच्या दिवसांत काढतो, तसें शरीर हाडांत चुना भरीत असतें व काढीतहि असतें. तिशीच्या सुमारापर्यंत भरणा अधिक होतो. नंतर कांहीं वर्षें जमाखर्च सारखा चालतो. त्यापुढें काढणें वाढतें. स्त्रीच्या बाबतींत ऋतुनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पांच-सात वर्षांत हें काढणें एकाएकीं फार वेगानें होतें.

एवढ्या जपून ठेवलेल्या चुन्याची शरीराला गरज तरी कशासाठीं लागते, ह्याचें उत्तर एका योगायोगानें मिळालें. लंडनमधील डॉ. सिडनी रिंगर हे १८८२-८३ च्या सुमारास बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या द्रावणांत धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. एके वेळीं तें हृदय अपेक्षेपेक्षां पुष्कळ अधिक काळ चाललें. शोध घेतां असें दिसलें कीं, द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यांत न करतां नळाच्या पाण्यांत केलें गेलें होतें, आणि लंडनच्या नळाच्या पाण्यांत चुना होता. शुद्ध पाण्याचें द्रावण वापरतांच हृदय लौकर मंदावून थांबे. त्यांत चुन्याचा अंश घालतांच पुन्हां चालूं लागे. स्नायु आकुंचन पावावयाचा तर कॅल्शियम हवें, हें त्या दिवसापासून शास्त्रास कळलें. रक्तांतील चुना एका मर्यादेखालीं गेला तर हृदय व स्नायु बिघडतील. म्हणून आहारांतून तो पुरेसा न मिळाल्यास शरीर हाडें झिजवून रक्ताची भर करतें. हृदय वांचविण्यासाठीं हाड खर्ची पडतें, आणि हा व्यवहार वर्षानुवर्षें कोणतीहि वेदना न होतां चालतो. वेदना होते ती हाड मोडल्यावर.

आपल्या प्राचीन वैद्यकास ह्या वयाची जाणीव नव्हती असें नाहीं. सुश्रुतसंहितेंत स्त्रीचें आर्तव बाराव्या वर्षीं सुरू होतें व पन्नासाव्या वर्षीं थांबतें असें सांगितलें आहे. हाडांची गणना सुश्रुतानें तीनशें केली, तर चरकाची गणना तीनशें साठ आहे. अस्थि हें वाताचें स्थान मानलेलें असून वृद्धापकाळ हा वाताचा काळ समजला जातो. म्हणजे म्हातारपण आणि हाडांची झीज ह्यांची सांगड त्या वैद्यांनीं घातलेली होती. औषधांत शंखभस्म, प्रवाळभस्म, मौक्तिकभस्म, कोंबडीच्या अंड्याच्या कवचाचें भस्म, हरणाच्या शिंगाचें भस्म, गोदंतीभस्म हीं प्रसिद्ध आहेत. आजच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां हीं सारीं बहुतांशीं चुन्याचींच निरनिराळीं रूपें होत. मात्र जुन्या वैद्यांनीं तीं सर्वच हाडांसाठीं दिलीं असें नाहीं. शंखभस्माचा मुख्य उपयोग पोटाच्या विकारांवर होता. ह्या विद्येचें अध्ययन आधुनिक शाळेच्या पद्धतीनें व्हावें म्हणून वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे ह्यांनीं १९१७ सालीं अहमदनगर येथें आयुर्वेद महाविद्यालय काढलें. ‘आयुर्वेदीय औषधीगुणधर्मशास्त्र’ हा ग्रंथहि त्यांचाच. जिल्ह्याच्या वैद्यकाच्या इतिहासांत ह्या संस्थेचें स्थान मोठें आहे.

परंतु भस्में हीं औषधें. रोजचा चुना यावयाचा तो ताटांतून. १८८४ सालच्या सरकारी गॅझेटियरांतहि ह्या जिल्ह्याचें मुख्य अन्न बाजरी व ज्वारी हेंच नोंदलेलें आहे, आणि पुढें शंभर वर्षें खेड्यांत त्यांत फारसा बदल झाला नाहीं. बाजरी हें धान्य कसदार आहे. तिच्यांत लोह आहे, मॅग्नेशियम पुष्कळ आहे; पण चुना मात्र बेताचा. शंभर ग्रॅम पिठांत तीस ते चाळीस मिलिग्रॅम एवढाच. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरलें तर उतारवयांतील स्त्रीची आजची ठरविलेली गरज केवळ बाजरीवर भागविण्यास दिवसाला निदान तीस भाकऱ्या लागतील. ती उणीव भरून निघे दुधातुपाच्या घरांत दुधानें व ताकानें, आणि इतरत्र तीळ, हुलगे, राजगिरा, शेवग्याचा पाला ह्यांसारख्या पदार्थांनीं. जेवणानंतरच्या विड्यांतूनहि थोडा चुना पोटांत जाई. परंतु त्याबरोबर तंबाखूचीहि संवय जडे, व त्या व्यसनानें तोंडाचा कर्करोग होतो हें आतां निर्विवाद ठरलें आहे. म्हणून विड्याचा चुना हें औषध म्हणून सांगण्याजोगें नव्हे. शिवाय घरांत दूध असलें तरी तें प्रथम मुलांच्या आणि पुरुषांच्या वाट्यास येई. सर्वांच्या मागून जेवणारी गृहिणी उरलेल्यावर भागवी. आणि १८७६-७७, १८९९-१९०० किंवा १९७२ सारख्या दुष्काळांत दुभतें जनावरच विकलें जाई, तेव्हां हा प्रश्नच उरत नसे. त्या दिवसांत दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती.

अन्नांतील चुना पोटांत गेला म्हणजे तो हाडांत पोहोंचलाच, असेंहि नाहीं. ह्या बाबतींत एक महत्त्वाची पाहणी शेजारच्या नाशिक येथें झाली व तिचा वृत्तांत हचिसन आणि शाह ह्यांनीं १९२२ सालीं प्रसिद्ध केला. मुलांना होणारा मुडदूस व मोठ्या स्त्रियांना होणारें अस्थिमार्दव हे विकार त्यांना पडदा पाळणाऱ्या सुखवस्तु घराण्यांत आढळले. उन्हांत राबणाऱ्या गरीब घरांत, त्यांचें अन्न अधिक निकृष्ट असूनहि, ते तसे आढळले नाहींत. म्हणजे अन्नापेक्षां उजेडाचें उणेंपण तेथें बाधलें होतें. सूर्यप्रकाशानें कातडींत जीवनसत्त्व ‘ड’ तयार होतें आणि त्याच्या साहाय्यानेंच आंतडीं चुना शोषून घेतात, ही उपपत्ति त्याच सुमारास युरोप-अमेरिकेंत सिद्ध होत होती. ‘ड’ हें नांव मॅकॉलम ह्यांनीं दिलें तेंहि १९२२ सालींच. महाराष्ट्रांतील वाड्यांच्या माजघरांत आयुष्य काढलेल्या स्त्रियांच्या हाडांचा इतिहास ह्या एका पाहणींत सांठला आहे. आणि ही गोष्ट जुनी झाली असेंहि नाहीं. २००० सालीं डॉ. रवींदर गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दिल्लींतील निरोगी माणसांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली, तींत भरपूर ऊन असलेल्या त्या शहरांतहि ह्या जीवनसत्त्वाचा तुटवडा सर्रास दिसून आला.

पाश्चात्य वैद्यकांत म्हातारपणच्या हाडमोडीची नोंद प्रथम शस्त्रवैद्यांनीं केली. लंडनचे सर ॲस्टली कूपर ह्यांनीं १८२२ सालच्या ग्रंथांत मांडीच्या हाडाची मान मोडण्याचा प्रकार वृद्धांत, व त्यांतहि स्त्रियांत, अधिक आढळतो असें लिहिलें. स्ट्रासबर्गचे लोबस्टाइन ह्यांनीं १८३० च्या सुमारास अशा सच्छिद्र हाडांस ‘ऑस्टिओपोरोसिस’ हें नांव दिलें. आपण त्यास अस्थिसुषिरता म्हणतों. परंतु ह्या सर्वांचा ऋतुनिवृत्तीशीं संबंध जोडला तो बोस्टन येथील डॉ. फुलर ऑल्ब्राइट ह्यांनीं, १९४०-४१ सालीं. पासष्टीच्या आंतील अशा बेचाळीस रोग्यांत चाळीस स्त्रिया ऋतुनिवृत्ति झालेल्या होत्या, असें त्यांना आढळलें. हा योगायोग असणें शक्य नव्हतें. स्त्रीच्या बीजकोशांतून पाझरणारें इस्ट्रोजेन हें द्रव्य हाडांचें रक्षण करतें, व तें आटलें कीं झीज सुरू होते, हा त्यांचा सिद्धान्त पुढें खरा ठरला. ऑल्ब्राइट ह्यांच्या मतें दोष चुन्याच्या पुरवठ्याचा नव्हता, हाड बांधण्याच्या क्रियेचा होता. भिंत बांधणारा गवंडीच कामावर नसेल तर चुन्याच्या गोणी आणून काय उपयोग, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्याच सुमारास विलायतेंत चुन्याच्या गोणी खरोखरच आणल्या जात होत्या. १९३९ सालीं हॅरिसन व मेलनबी ह्यांनीं धान्याच्या कोंड्यांतील फायटिक आम्ल चुन्यास बांधून ठेवतें व आंतड्यांस तो घेऊं देत नाहीं, असें प्रतिपादन केलें. महायुद्धामुळें इंग्लंडांत कोंड्यासकट पिठाची पोळी सर्वांनाच खावी लागणार होती. तेव्हां मॅकन्स व कुमारी विडोसन ह्यांच्या संशोधनाच्या आधारें सरकारनें राष्ट्रीय पिठांत खडूची भुकटी मिसळण्याचें ठरविलें. संपूर्ण राष्ट्रास खनिजाची पुरवणी देण्याचा हा एक ठळक प्रयोग होय. हिंदुस्थानांत १९३७ सालीं कुन्नूर येथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. ॲक्रॉइड ह्यांनीं येथील अन्नधान्यांतील पोषक द्रव्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं होतीं, आणि नाचणींत चुना किती विपुल आहे हें त्यांवरून कोणासहि समजण्यासारखें होतें. फायटिक आम्लाचा उपाय तर मराठी स्वयंपाकघरांत पूर्वींपासून होताच. पीठ आंबवून केलेली आंबील, मोड आणून वाळवून दळलेलें नाचणीचें सत्त्व, ह्या कृतींत तें आम्ल पुष्कळसें मोडतें. ह्या कृति करणाऱ्या आजीबाईंना त्या आम्लाचें नांव ठाऊक नव्हतें. गुण मात्र ठाऊक होता.

ऋतुनिवृत्तीनंतर किती चुना पोटांत जावा, ह्याचें मोजमाप करण्याचें श्रेय अमेरिकेंतील ओमाहा येथील डॉ. रॉबर्ट हीनी व त्यांच्या सहकाऱ्यांस दिलें पाहिजे. १९६७ पासून त्यांनीं मध्यम वयाच्या ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास केला. नियमित राहणी व ठराविक भोजन ह्यांमुळें त्यांच्या शरीरांत येणाऱ्या व जाणाऱ्या चुन्याचा हिशोब ठेवणें शक्य होतें. १९७८ सालीं त्यांनीं निष्कर्ष दिला कीं, ऋतुनिवृत्तीपूर्वीं दिवसास सुमारें एक ग्रॅम व नंतर सुमारें दीड ग्रॅम कॅल्शियम गेल्यास जमाखर्च जुळतो. १९८४ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें भरविलेल्या परिषदेनें ह्याच धर्तीची शिफारस केली, आणि त्यानंतर चुन्याच्या गोळ्यांचा खप जगभर वाढला. शास्त्रज्ञांचा हिशोब व्यापाऱ्यांच्या हातीं गेला. गोळी घेतली कीं हाड शाबूत, अशी समजूत शिकलेल्या घरांतहि रूढ झाली.

ह्या समजुतीची परीक्षा दोन मोठ्या प्रयोगांनीं झाली, व त्यांचे निकाल वरवर पाहतां परस्परविरुद्ध वाटतात. १९९२ सालीं फ्रान्समधील श्रीमती शापुई व सहकाऱ्यांनीं वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३२७० स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाचे ८०० एकक दिले, त्यांच्यांत अठरा महिन्यांत खुब्याचें हाड मोडण्याचें प्रमाण शेंकडा ४३ नें कमी झालें. पुढें २००६ सालीं अमेरिकेंत ३६,२८२ स्त्रियांवर सात वर्षें चाललेल्या प्रयोगाचा निकाल लागला. १००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ४०० एकक ‘ड’ घेणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता शेंकडा एकानें अधिक राहिली. परंतु हाड मोडण्याचें प्रमाण निश्चितपणें कमी झालें असें म्हणतां येईना, आणि मूतखडा होण्याचें प्रमाण मात्र शेंकडा १७ नें वाढलें. ह्या विरोधाचा उलगडा त्या स्त्रियांच्या ताटांत आहे. फ्रान्समधील स्त्रिया फार वृद्ध, घरांत बसून असलेल्या, आणि आहारांत चुना व रक्तांत ‘ड’ दोन्ही कमी असलेल्या होत्या. अमेरिकेंतील स्त्रियांच्या पोटांत गोळीवांचूनच रोज सरासरी ११५० मिलिग्रॅम कॅल्शियम जात होतें. रिकाम्या पेवांत धान्य टाकलें तर भर पडते; भरलेल्या पेवांत टाकलें तर बाहेर सांडतें. पुरवणीच्या साऱ्या वादाचें सार एवढेंच आहे.

मग नगर जिल्ह्यांतील बाजरीच्या भाकरीवर जगलेल्या स्त्रीचें पेव कोणत्या प्रकारचें, हा प्रश्न उरतो. १९७२ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण निरीक्षण यंत्रणेच्या पाहण्यांत ग्रामीण कुटुंबांच्या आहारांत कॅल्शियम शिफारशीपेक्षां कमी असल्याचें वारंवार आढळलें. म्हणजे पुरवणीचा लाभ जिला होण्याचा संभव अधिक, ती हीच स्त्री. परंतु सरकारी योजनांचा इतिहास पाहिला तर त्यांत तिला स्थान सांपडत नाहीं. १९७० सालीं रक्तक्षयाविरुद्ध लोहाच्या गोळ्यांची राष्ट्रीय योजना निघाली ती गरोदर स्त्रिया व मुलें ह्यांच्यासाठीं. २०१४ सालीं चुन्याच्या गोळ्यांचे राष्ट्रीय नियम झाले. त्यांप्रमाणें गरोदर स्त्रीस चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत गोळ्या मिळतात. २०१८ च्या रक्तक्षयमुक्तीच्या मोहिमेंत स्त्रियांच्या वयाची मर्यादा एकोणपन्नास आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून चालू आहे. तींत स्त्रियांमधील रक्तक्षयाची मोजणी झाली ती पंधरापासून एकोणपन्नासपर्यंतच. मूल होण्याचें वय संपलें कीं यादींतून नांव गळतें. ह्या योजनांचा हेतु उत्तम आहे, त्यांनीं पुष्कळ जीव वांचले आहेत, ह्यांत संशय नाहीं. परंतु भारतीय स्त्रीची ऋतुनिवृत्ति सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षीं, म्हणजे पाश्चात्य स्त्रीपेक्षां चार-पांच वर्षें आधीं होते, हें लक्षांत घेतां हाडांची झीज नेमकी ज्या वेळीं वेग घेते त्याच वेळीं तिच्याकडील लक्ष उडतें, असें म्हणावें लागतें. २०१७-१८ सालीं मुंबईच्या लोकसंख्याशास्त्र संस्थेच्या पुढाकारानें पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची देशव्यापी पाहणी झाली व तींत हातांच्या पकडीचा जोरहि मोजला गेला, ही सुधारणेची खूण होय.

ह्या जिल्ह्यांत वयस्क स्त्रीची योग्यता ओळखण्याचें एक थोर उदाहरण मात्र घडलें. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं जामखेडला आलें. डॉक्टरांची वाट न पाहतां गांवानेंच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्याचें शिक्षण द्यावयाचें, ही त्यांची पद्धति. त्या स्त्रियांपैकीं अनेकजणी निरक्षर, अनेक दलित समाजांतील, आणि कित्येक संसारांतून मोकळ्या होत आलेल्या होत्या. त्यांनीं बाळंतपणें केलीं, मुलांचीं वजनें घेतलीं, भाजीपाला लावण्यास शिकविलें. १९७९ सालीं ह्या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ज्या वयांत सरकारच्या यादींतून स्त्रीचें नांव जातें, त्या वयांत ती साऱ्या गांवाच्या आरोग्याचा भार उचलूं शकते, हें जामखेडनें सिद्ध केलें. चौंडी हें अहिल्यादेवींचें जन्मगांव ह्याच तालुक्यांत आहे, हेंहि येथें आठवतें.

ह्याच भागांत दुसरें चित्रहि आहे. प्रवरेच्या कांठीं १९५० सालीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला व जिल्ह्याचें अर्थकारण पालटलें. पण ऊंस तोडावयास जाणाऱ्या टोळ्या निघतात त्या पाथर्डी, जामखेड आणि लगतच्या बीड जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांतून. बीडमधील ऊंसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठीं २०१९ सालीं डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. त्या वेळीं पाहणी झालेल्या ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं, व त्यांतील कित्येकजणी तिशी-पस्तिशींतील होत्या. अशा शस्त्रक्रियेंत बीजकोशहि काढले गेले तर ऋतुनिवृत्ति त्याच दिवशीं येते. ते ठेवले तरी ती लौकर येण्याचा संभव वाढतो. म्हणजे ऑल्ब्राइट ह्यांनीं साठीच्या आसपास पाहिलेली झीज येथें पस्तिशींत सुरू व्हावयाची, आणि तीहि डोक्यावर उंसाची मोळी असतांना.

उपायाचीं बीजें ह्याच जिल्ह्याच्या मातींत आहेत. पश्चिमेकडील अकोले तालुक्यांत डोंगरउतारावर नाचणी पिकते. तिच्या शंभर ग्रॅम पिठांत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, बाजरीच्या जवळजवळ दहापट. त्याच तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे ह्यांनीं गांवठी वाणांचीं बीजें जपलीं व त्याबद्दल त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या सहकार्यानें २०१२ सालीं ‘धनशक्ति’ हें अधिक लोह व जस्त असलेलें बाजरीचें वाण महाराष्ट्रासाठीं प्रसृत झालें. त्याचें मूळ आफ्रिकेंतील टोगो देशाच्या बाजरींत आहे. ह्या बाजरीच्या भाकरीचा प्रयोग महाराष्ट्रांत बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींवर झाला व त्यांच्या शरीरांतील लोहाचा साठा सुधारला. मुलांवरून सुरुवात झाली हें योग्यच. पण आजीचें ताटहि त्याच चुलीपाशीं वाढलें जातें.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं ऋतुनिवृत्तीनंतरच्या स्त्रीस दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. इतर प्रौढ स्त्रियांस ती १००० आहे. दोन पेले दूध किंवा ताक, एक नाचणीची भाकरी, मूठभर तिळाची चटणी व पालेभाजी एवढ्यानें ही गरज बरीचशी भागते. उरलेल्या तुटीपुरती गोळी वैद्याच्या सल्ल्यानें, जेवणाबरोबर, थोडी थोडी घ्यावी. मूतखड्याची खोड असणाऱ्या स्त्रीनें तर विचारल्यावांचून घेऊंच नये. लोहाचें उलट आहे. ऋतु थांबल्यावर त्याचा खर्च कमी होतो, म्हणून रक्त तपासल्याखेरीज लोहाच्या गोळ्या चालूं ठेवणें इष्ट नाहीं. मॅग्नेशियमसाठीं बाजरी, डाळी व तीळ पुरेसे आहेत. मधुमेही माणसांत त्याची उणीव बहुधा दिसते, आणि पांढऱ्या मैद्याच्या व सडीक तांदुळाच्या आहारांत तें हरपतें. तेव्हां जुन्या भाकरीचा त्याग करण्यांत शहाणपण नाहीं. ह्या सर्वांबरोबर अंगावर ऊन पडलें पाहिजे व स्नायूंना काम मिळालें पाहिजे. हाड वाढतें तें ओझ्यानें. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचें हाड दूध पिऊनहि झिजतें. मात्र ओझें आणि अन्न ह्यांचें प्रमाण राहिलें पाहिजे. ऊंसतोड बाईच्या वाट्याला ओझें आलें, अन्न आलें नाहीं. माजघरांतील स्त्रीच्या वाट्याला अन्न आलें, ऊन आलें नाहीं.

दायमाबादच्या मातींतील हाडें तपासणाऱ्या संशोधकांना त्यांवरून त्या माणसांचें वय, आजार व खाणेंपिणें ह्यांविषयीं पुष्कळ सांगतां येतें. आणखी हजार वर्षांनीं आजच्या स्त्रियांचीं हाडें कोणीं तपासलीं नाहींत तरी त्यांचा हिशोब आज घरोघर मांडतां येण्याजोगा आहे. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रीच्या ताटांत दुधाची वाटी पडते कीं नाहीं, एवढी एकच गोष्ट प्रत्येक कुटुंबानें आज रात्रीं पाहिली, तर हाडांच्या ह्या दीर्घ इतिहासांत तिच्या बाजूनें एक नोंद होईल.